मुंबईत बांधलेली युद्धनौका इंग्लंडमध्ये कशी पाहावी

इंग्लंडला गेलात तर ईशान्य किनाऱ्यावरच्या हार्टलपूलसाठी एक दिवस राखून ठेवा. तिथल्या नौदल संग्रहालयात ‘एचएमएस ट्रिंकोमाली’ आहे. जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली ही फ्रिगेट (मध्यम आकाराची, वेगवान युद्धनौका) १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि आजही तरंगते आहे. आपल्या माणसांचं एवढं मोठं काम परदेशात जपलेलं असताना ते न पाहता परतू नये.

आधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर त्या दिवसाच्या वेळा आणि तोफा-बंदुकांची प्रात्यक्षिकं आहेत का, ते पाहा. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून थेट गाडी मिळते. न्यूकॅसलहून प्रवास बराच कमी. बूट न घसरणारे घाला.

आत गेल्यावर दुकानांकडे वळू नका, थेट जहाज गाठा. चढण्यापूर्वी धक्क्यावरून नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा पुतळा पाहा: पगडी घातलेला माणूस आहे. मग वरच्या डेकपासून एकेक मजला खाली उतरा. शिड्या उभ्या आहेत, त्यामुळे तोंड शिडीकडे ठेवूनच उतरायचं. तोफांच्या मजल्याखाली खलाशांची जेवायची-झोपायची जागा आहे. छत इतकं बुटकं की वाकूनच चालावं लागतं. इथे घाई करू नका.

लाकूड नीट पाहा. नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये ओकची टंचाई होती, म्हणून जहाज मुंबईत आणि सागवानात बांधायचं ठरलं. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. तेलकट सागात ते टिकतात. बांधणी सुरू करताना पारशी रीतीप्रमाणे जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला होता, हे मुलांना तिथेच उभं राहून सांगा.

त्यानंतर भोवतीचा धक्का. अठराव्या शतकातल्या बंदरासारखी इथे शिंपी, बंदूक बनवणारा, छापखाना अशी दुकानं उभारली आहेत. जुन्या वेशातले मार्गदर्शक भेटले तर नुसता फोटो काढून पुढे जाऊ नका. बंदूक भरायला किती वेळ लागायचा, खलाशी काय खायचे, असं काही नेमकं विचारा. प्रश्न नेमका असला की माणूस खुलतो.

वेळ उरला तर शेजारच्या हार्टलपूल संग्रहालयाची ‘विंगफील्ड कॅसल’ ही १९३४ सालची, बाजूच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे सारत चालणारी आगबोट पाहता येईल. ती खुली आहे का, एवढं मात्र आधी विचारून घ्या.