दवाखाना टाकताय? एचआयव्हीची तयारीही ठेवा

इंटर्नशिप संपवून नाशिकच्या सातपूर, अंबड किंवा सिडकोत दवाखाना टाकणारे नवे डॉक्टर अधूनमधून माझ्याकडे येऊन बसतात. बी.पी., शुगर, डेंग्यू, लहान पोरांचा खोकला, सगळ्याची तयारी झालेली असते. एचआयव्हीचा विषय काढला की मात्र ठरलेलं उत्तर मिळतं : "पेशंट आला तर सिव्हिलला पाठवून देऊ."

ए.आर.टी.साठी, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या औषधांसाठी, पाठवायचंच, त्यात वाद नाही. ही औषधं २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. २०१७ पासून तर सीडी-४ (प्रतिकार करणाऱ्या पेशींचा आकडा) कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करण्याचं धोरण आहे. पण त्याच माणसाचा ताप, पाठदुखी, शुगर कोण बघणार? केंद्रावर तो गोळ्या आणायला जातो, राहतो आपल्याच गल्लीत. त्याचा फॅमिली डॉक्टर आपणच.

मी शिकवायला सुरुवात करतो ती गोळ्यांपासून. आज बहुतेकांना टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकत्र असलेली, दिवसातून एकदा घ्यायची एकच गोळी मिळते, टीएलडी. आपल्या रोजच्या चिठ्ठीशी तिचा कुठे संबंध येतो, ते माहीत हवं. एक बाई छातीत जळजळ होते म्हणून आल्या होत्या. पिशवीत दुसऱ्या दवाखान्यातली अँटासिडची गुलाबी बाटली. रात्री जेवण झालं की त्या टीएलडी घ्यायच्या आणि लागलीच वर दोन चमचे अँटासिड. त्यातलं अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम डोल्युटेग्राव्हिरला आतड्यातच धरून ठेवतं, औषध रक्तात पुरेसं पोचत नाही. गोळी अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यायची, एवढं सांगितलं की काम झालं. "तिथल्या डॉक्टरांना गोळीचं का नाही सांगितलं?" असं विचारलं, तर म्हणाल्या, "सांगितलं तर उद्यापासून येऊ नका म्हणतील."

हे वाक्य मला अजून छळतं.

लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांचंही असंच. जेवणाबरोबर एकत्र चालतात, उपाशीपोटी अंतर ठेवावं लागतं. टीएलडीबरोबर शुगरची मेटफॉर्मिन दिवसाला एक ग्रॅमच्या वर नेऊ नये. टेनोफोविर चालू असलेल्या माणसाला गुडघेदुखीसाठी महिनोन् महिने डायक्लोफेनॅक देऊ नका, किडनीवर दुहेरी मार बसतो. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, बघत राहा. टीबीसाठी रिफाम्पिसिन सुरू झालं तर डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा लागतं. तो बदल केंद्र करतं, पण त्यांना कळवणारे आपण असतो.

दुसरी गोष्ट, संशय वेळेवर यायला हवा. तरुण माणसाला नागीण, तोंडात पांढरा बुरशीचा थर, महिनाभर न थांबणारे जुलाब, उतरत चाललेलं वजन. टीबीच्या तर प्रत्येक रुग्णाची तपासणी व्हायलाच हवी. मात्र लॅबच्या चिठ्ठीत गुपचूप या तपासणीचं नाव वाढवायचं नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती बंधनकारक आहे. मी सरळ म्हणतो, "मावशी, वजन का उतरतंय ते शोधायचंय. त्यात एचआयव्हीची तपासणीपण करून घेऊ, चालेल ना?" बहुतेक जण हो म्हणतात. आयसीटीसीत, म्हणजे सरकारी समुपदेशन व तपासणी केंद्रात, ती मोफत होते, समुपदेशन मिळतं. एकाच रॅपिड किटवर कुणालाही पॉझिटिव्ह म्हणू नका. लक्षणं नसलेल्या माणसाचं निदान तीन वेगवेगळ्या किटवर पक्कं होतं.

आता भीतीबद्दल. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीची शक्यता साधारण ०.३ टक्के. लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची ३० टक्क्यांपर्यंत. म्हणून आधी आपली आणि कंपाउंडरची ती लस पूर्ण करा. हातमोजे आणि निर्जंतुक साहित्य प्रत्येकासाठी सारखंच वापरायचं, कारण ज्याचं निदानच झालेलं नाही तो माणूसही याच टेबलावर झोपतो. तरीही शहरातल्या एका रुग्णालयाने गळू फोडायला नकार दिलेला तरुण माझ्याकडे आला होता, तापाने फणफणलेला. पंधरा मिनिटांचं काम होतं. असा नकार कायद्याने गुन्हा आहे की नाही याची चर्चा नंतर करा. माणुसकी म्हणूनच तो मला सहन होत नाही.

केसपेपरवर लाल खूण, वेगळी खुर्ची, कंपाउंडरशी कुजबुज, यातलं काहीही दवाखान्यात नको. नाशिक कितीही वाढलं तरी वेटिंग रूममध्ये कुणाचा ना कुणाचा पाहुणा बसलेला असतोच.

आणि गोळ्या चुकतात कशा, ते विचारत जा. पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येणारे मजूर, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे ड्रायव्हर, यांचा मुक्काम हलतो आणि डबी संपते. आधी सांगितलं तर केंद्र जास्त दिवसांची सोय बघू शकतं. गोळी नियमित चालू राहून व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूंचं प्रमाण, न सापडण्याइतका खाली टिकला, तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे नवरा-बायकोला समोर बसवून सांगताना त्यांचे चेहरे बघा.

दवाखान्याचं उद्घाटन करण्याआधी एक सकाळ जवळच्या आयसीटीसीत जा, समुपदेशकांना भेटा, फोन नंबर घ्या. सुई टोचल्यावरची औषधं शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करून २८ दिवस घ्यायची असतात. रात्री अकरा वाजता ती कुठे मिळतील, हे त्याच सकाळी विचारून ठेवा. एचआयव्हीसाठीची १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे. तो आकडा भिंतीवर डेंग्यूच्या पोस्टरशेजारी लावा.