स्टुटगार्टला एका सेमिस्टरसाठी येताय? आधी हे वाचा

परतीचं तिकीट एवढ्यात पक्कं करू नका. पुण्याहून, मुंबईहून, नाशिक-सांगलीहून एक्सचेंजवर एका सेमिस्टरसाठी इथे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्यांदा हेच सांगते. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर निदान पुढचे दोन-तीन परिच्छेद वाचा.

इथे जर्मनीत विद्यापीठाचं हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असतं. लेक्चर्स ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतात आणि फेब्रुवारीत संपतात. आपल्याकडे घरच्यांना सांगताना "फेब्रुवारीत संपतं" एवढंच सांगितलं जातं, आणि मग जाण्या-येण्याचं स्वस्तातलं तिकीट काढलं जातं, तारीख न बदलता येणारं. पण फेब्रुवारीत संपतात ती फक्त लेक्चर्स. परीक्षा त्यानंतर सुरू होतात आणि रेंगाळत मार्चपर्यंत जातात. उन्हाळी सेमिस्टरचंही तेच: लेक्चर्स जुलैत आटोपली तरी पेपर सप्टेंबरपर्यंत लागू शकतात. नेमकी तारीख निघताना ठाऊक नसते, ती इथे आल्यावर कळते.

गेली कित्येक वर्षं मी मुलांना यात अडकताना बघते आहे. अशीच एक मुलगी आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. एकीकडे परीक्षेची तारीख, दुसरीकडे तिकिटाची. मधे चार दिवसांचा फरक. नवीन तिकिटाचा आकडा तिच्या महिन्याभराच्या खर्चाएवढा होता, आणि तिच्या वडिलांनी कर्ज काढून तिला पाठवलेलं. चहा निवत गेला, ती बोलेना. शेवटी तिने तो विषय सोडला, पेपर न देता परत गेली, आणि तिकडे तोच विषय ज्युनिअर मुलांबरोबर पुन्हा केला. सेमिस्टरभर तिने त्या विषयाची एकही असाइनमेंट चुकवली नव्हती.

म्हणून तिकीट एकमार्गी काढा, नाहीतर तारीख बदलता येणारं घ्या. चार पैसे जास्त जातील, जाऊ द्या. व्हिसाची मुदतही परीक्षेचा काळ धरून मागा, लेक्चर्सचा नव्हे. आणि तुमच्या कॉलेजशी निघण्याआधीच लेखी बोलून ठेवा, कारण आपल्याकडे पुढचं सेमिस्टर जानेवारीत सुरू होतं आणि इथलं तेव्हा ऐन भरात असतं. "सर म्हणाले, बघू" हे उत्तर घेऊन विमानात बसू नका. सरांची बदली होते, विभागप्रमुख बदलतात, आणि त्या 'बघू'चा साक्षीदार कुणी उरत नाही. लवकर जाणं अगदी भाग असेल तर पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच प्राध्यापकांना भेटून विचारा, माझी परीक्षा आधी किंवा तोंडी घ्याल का. पुष्कळ जण एक्सचेंजच्या मुलांसाठी ते करतात. फेब्रुवारीत विचारलंत तर मात्र मनात असूनही त्यांना करता येत नाही. होकार मिळाला की त्याच संध्याकाळी ईमेल टाकून तो लेखी करून घ्या.

परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते, हे मुलांना खरंच वाटत नाही. लेक्चरला बसलात, गृहपाठ दिलात, म्हणून परीक्षेला बसता येईल असं नाही. सेमिस्टरच्या मधे काही आठवडे पोर्टलवर नोंदणी चालते, मग बंद होते, आणि बंद म्हणजे बंद. आपल्याकडे लेट फी भरून फॉर्म घेतात, क्लार्कला विनवता येतं. इथे विनवण्यासाठी माणूसच समोर नसतो, आणि असला तरी त्याच्या हातात काही नसतं. मला सुरुवातीला हा कोरडेपणा वाटायचा. आता वाटतं, यात एक न्याय आहे: ओळखीच्या माणसाच्या पोरालाही तोच नियम लागतो. गुण १.० म्हणजे उत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. घरी गुणपत्रिका दाखवण्याआधी हे समजावून ठेवा. इंटर्नल वगैरे बहुतेक ठिकाणी नसतं. सगळा भार त्या एका पेपरावर.

आणि विषय कमी घ्या. एका सेमिस्टरची ३० क्रेडिट्स हा इथल्या मुलांचा पूर्ण भार आहे, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. आपली हुशार मुलं पहिल्याच आठवड्यात सात विषय घेतात आणि डिसेंबरात कोसळतात. विषय बदललात तर ठरलेल्या विषयांचा लेखी करार, म्हणजे लर्निंग अ‍ॅग्रीमेंटही बदलून दोन्हीकडच्या सह्या लगेच घ्या.

पैशांबद्दल. व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवायचं जे खातं असतं, त्या ब्लॉक अकाउंटचा हिशेब सध्या महिन्याला ९९२ युरोचा आहे. ही रक्कम तुमचीच असली तरी इथलं बँक खातं उघडून जोडणी होईपर्यंत हाताला लागत नाही, आणि त्यात काही आठवडे सहज जातात. तेवढ्यात भाडं, अनामत, विमा, पास, सगळं एकदम अंगावर येतं. दीड महिन्याचा खर्च वेगळा, फॉरेक्स कार्डावर घेऊन या. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या इथल्या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सेमिस्टरला १५०० युरो फी आहे. कराराखाली एक्सचेंजवर येणाऱ्यांना ती माफ असते, पण ते पत्रात स्पष्ट लिहिलेलं आहे ना, ते बघून घ्या.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची, म्हणजे आनमेल्डुंग. त्यासाठी घरमालकाच्या किंवा वसतिगृहाच्या सहीचं पत्र लागतं. जो घरमालक "खोली देतो, पण नोंदणी करू नका" म्हणतो, त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. त्या नोंदणीशिवाय पुढचं काहीच धड होत नाही. खोली न बघता व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवर अनामत पाठवू नका, हे सांगायची गरज पडू नये, पण दर सप्टेंबरात पडते. फायहिंगनच्या कॅम्पसला लागून आल्मांडरिंग आणि फाफेनवाल्डरिंगला विद्यार्थ्यांची वसतिगृहं आहेत. ऑफर लेटर आलं त्याच दिवशी तिथे अर्ज करा.

खोली ताब्यात घेताना कागदावर खोलीची अवस्था लिहितात, तिथे घाई करू नका. भिंतीवरचा ओरखडा, गादीवरचा डाग, न लागणारी शेगडी, सगळं लिहून घ्या आणि फोटो काढा. परत देताना तोच कागद समोर येतो. देखभाल करणारा माणूस ओव्हनचं दार उघडतो, आतल्या जाळीवर बोट फिरवतो आणि बोट बघतो. नळाच्या तोट्यांवर क्षाराचे पांढरे थर चढलेले असतात, तेही बघतो. व्हिनेगर लावून ते दर आठवड्याला काढले तर निघतात, पाच महिन्यांनी निघत नाहीत. हिवाळ्यात दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळती ठेवायची, नाहीतर आपल्या भाताच्या वाफेने कोपऱ्यात काळी बुरशी धरते आणि ती अनामतीतून जाते.

वसतिगृहात न राहता घरात खोली घेतलीत तर केरवोखे येईल. हा इकडचा, श्वाबेन भागातला, जुना रिवाज आहे: आळीपाळीने एकेका घराने आठवडाभर जिना झाडून-पुसून घ्यायचा, आणि मोठी पाळी असेल तर तळघराची वाट आणि दारापुढचा रस्ताही. ज्याची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. एका मुलाने ती पाटी जाहिरात समजून पायपुसण्यामागे ठेवून दिली आणि तीन आठवडे संपूर्ण जिना तसाच राहिला. खालच्या मजल्यावरच्या आजी त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. त्याला वाटलं, आपल्या रंगामुळे. मी त्याला घेऊन गेले, त्याने माफी मागितली, त्याच दिवशी जिना पुसला. आजींनी पुढच्या आठवड्यात त्याला स्वतःच्या बागेतली सफरचंदं दिली. इथे भेदभाव होत नाही असं मी म्हणणार नाही, होतो. पण दर वेळी तोच निष्कर्ष आधी काढू नका. पाटी तुमच्या दाराला आहे का ते बघा.

सामानात तूप, खवा, पनीर आणू नका. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपात प्रवासी सामानातून आणायला बंदी आहे. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नको; त्याला रोग-कीड नसल्याचं सरकारी प्रमाणपत्र (फायटोसॅनिटरी) लागतं. गोडा मसाला, मेतकूट, भाजणी, थालीपीठाचं पीठ भरपूर आणा. पोहे, तूरडाळ, रवा इथे भारतीय दुकानांत मिळतो. छोटा कुकर आणा, पण स्टीलचा. शेगडी इंडक्शनची निघाली तर अ‍ॅल्युमिनियमचा चालत नाही. फोडणी करताना खिडकी उघडा, दार नव्हे, कारण मार्गिकेतल्या गजराला धूर लागला तर अख्खी इमारत खाली उतरते. शाकाहारी असाल तर माउलताशेन, म्हणजे इथल्या सारण भरलेल्या पिठाच्या वड्या, विकत घेताना वेष्टन वाचा. साध्या माउलताशेनमध्ये मांस असतं. जाड जॅकेट तिकडे घेऊ नका, इथे घ्या.

रविवारी दुकानं बंद. बाटल्या-कॅन फेकू नका, बहुतेकांचे २५ सेंट परत मिळतात. रात्री दहानंतर आवाज नाही. तातडीला ११२, दवाखाने बंद असताना डॉक्टर हवा तर ११६११७.

एस-बानला, म्हणजे इथल्या लोकलला, फाटक नसतं, त्यामुळे तिकिटाविना बसता येतं. साध्या कपड्यातले तपासनीस आले की ६० युरो. डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरातल्या लोकल गाड्या-बसना चालणारा मासिक पास, जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरोला आहे आणि तो लांब पल्ल्याच्या वेगवान आयसीई गाडीला चालत नाही.

आता आपल्या लोकांबद्दल. मुंबई आणि स्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पुणे-नाशिकच्या गाड्यांच्या कारखान्यांमुळे इकडे मराठी कुटुंबं बरीच. गणपतीला या, दिवाळीला या, आजारी पडलात तर नि:संकोच फोन करा, भात-वरण मिळेल. पण पाच महिने फक्त आपल्यातच घालवू नका. सहा मराठी मुलांनी मिळून एक फ्लॅट घेतला, एकत्र कॅम्पसला गेली, एकत्र जेवली आणि एकाही जर्मन मुलाचं नाव न कळता परत गेली, असं मी पाहिलं आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. पुण्यात मॅक्सम्युलर भवनात ए-वन, ए-टू करून येता ना? मग बेकरीत तरी जर्मन बोला. ते इंग्रजीत उत्तर देतील, तुम्ही जर्मनच चालू ठेवा. विद्यापीठाच्या खेळांच्या वर्गांत नाव घाला. इथली मुलं मेन्झात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, पटकन जवळ येत नाहीत, बॅडमिंटनच्या कोर्टवर येतात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, तेव्हा खोलीबाहेर पडायला काहीतरी ठरलेलं हवंच.

आणखी एक: "प्रसारण शुल्काचं पत्र फाडून टाक, तू तर परतच जाणार" असं सांगणारे आपलेच जुने लोक भेटतील. त्यांचं ऐकू नका. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीसाठीचं ते शुल्क घरामागे महिन्याला १८.३६ युरो आहे. फ्लॅटमध्ये चौघं असाल तर एकानेच भरायचं, बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा. न भरल्यास रक्कम साचत जाते. तुमच्यातले कितीतरी जण दोन वर्षांनी मास्टर्सला परत येतात, तेव्हा ती थकबाकी वाट बघत असते.

निघण्याची तयारी महिनाभर आधी सुरू करा. मोबाइलचा २४ महिन्यांचा करार मुळातच घेऊ नका, प्रीपेड घ्या, जिमचंही तेच. डॉइचलांडटिकेट त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत रद्द केलं तरच महिनाअखेर थांबतं. खोलीच्या करारातली नोटिशीची मुदत वाचा. निघण्याच्या आठवड्यात पत्त्याची नोंद काढून घ्या, त्याला आबमेल्डुंग म्हणतात. तो कागद आरोग्य विमा कंपनीला आणि प्रसारण शुल्काच्या कार्यालयाला पाठवा, नाहीतर दोघांच्याही लेखी तुम्ही इथेच राहता आणि विम्याचा महिना दीडशे युरोच्या आसपासचा हप्ता आणि ते शुल्क चालूच राहतं. बँक खातं सगळ्यात शेवटी बंद करा, अनामत परत आल्यावर. ती यायला वेळ लागतो.

ट्रान्सक्रिप्ट तुमच्या हातात निघताना मिळणार नाही. गुण लागायला काही आठवडे जातात. आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन सांगा की ती तुमच्या कॉलेजच्या कोणत्या अधिकाऱ्याला आणि कोणत्या ईमेलवर पाठवायची, आणि तुमचा स्वतःचा, कॉलेजचा नव्हे, ईमेलही त्यांच्याकडे नोंदवून ठेवा. विद्यापीठाचा ईमेल नाव कमी झाल्यावर बंद होतो.