ज्युनिअरमधून पुरुषांच्या कर्लिंगमध्ये जाताना: पहिल्या तीन हंगामांत काय बदलायचं

कर्लिंग म्हणजे बर्फावर जड दगड घसरवत पलीकडच्या गोल लक्ष्याच्या मध्याजवळ थांबवायचा चौघांचा खेळ. कॅनडात दर वसंतात त्याचे काही ज्युनिअर संघ आपोआप मोडतात. खेळाडूंचं भांडण झालेलं नसतं, वय संपलेलं असतं. जागतिक ज्युनिअर स्पर्धेचा नियम सरळ आहे: स्पर्धेच्या आदल्या वर्षीच्या ३० जूनला खेळाडू २१ वर्षांच्या आत हवा. त्यानंतर समोर उभा राहतो तो तीस-पस्तीस वर्षांचा, दहा-बारा हंगाम मोठ्या बर्फावर काढलेला संघ. आपल्याकडे १९ वर्षांखालच्या क्रिकेटमधून रणजीत गेलेल्या पोराची जी गत होते, तीच इथेही होते. फटके येत असतात, पण समोरचा चूक माफ करत नाही.

ब्रेंडन बॉचर २०१२ मध्ये जागतिक ज्युनिअर विजेता झाला. कॅनडाचं पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद म्हणजे 'ब्रायर' त्याला मिळालं २०२१ मध्ये, तेही २०१८, २०१९ आणि २०२० असे सलग तीन अंतिम सामने हरल्यावर. ब्रॅड गुशू २००१ चा ज्युनिअर जगज्जेता. २००६ मध्ये तुरिनला ऑलिंपिक सुवर्ण मिळालं, तरी पहिला ब्रायर जिंकायला २०१७ उजाडलं. तेव्हा पहिल्या हंगामात प्रांतिक स्पर्धेत पाच सामने हरलात म्हणून संघ मोडू नका. तीन हंगामांचा हिशेब धरून चाला.

चूक कुठे पडू द्यायची ते आधी ठरवा

आमच्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच आहे. ज्युनिअरमध्ये सामने जिंकून देतात मोठे फटके: डबल टेकआउट (एका दगडाने समोरच्याचे दोन बाहेर काढणं), लांबून आत वळवलेला रेझ (पडलेल्या दगडाला धक्का देऊन पुढे नेणं). पुरुषांमध्ये दोन्ही संघांना ते फटके येतात. सामना ठरतो तो नेम चुकल्यावर दगड कुठे थांबला यावर.

उदाहरण घ्या. हॅमर, म्हणजे एंडचा (सामन्यातल्या एका डावाचा) शेवटचा दगड, समोरच्याकडे आहे. मध्यरेषेवर तुमचा गार्ड, म्हणजे लक्ष्यापुढे आडोसा करणारा दगड, उभा आहे आणि त्याच्यामागे बटणावर (लक्ष्याच्या मध्यावर) ड्रॉ, म्हणजे नेमक्या जागी थांबणारा दगड, टाकायचा आहे. दगड फूटभर कमी गेला तर तो टी लाइनच्या (बटणातून जाणाऱ्या आडव्या रेषेच्या) पुढे, गार्डच्या आडोशाला थांबतो. समोरच्याला त्यावर सरळ मारा करता येत नाही. तोच दगड फूटभर जास्त गेला तर टी लाइनच्या मागे जाऊन बसतो, आणि आता तो तुमचा राहत नाही, समोरच्याचा आधार होतो. तो त्याला चिकटून फ्रीझ टाकतो, गुण त्याचा, आणि मागे तुमचाच दगड असल्यामुळे तो फ्रीझ हलवणं अवघड. चूक दोन्ही वेळा फूटभराचीच होती.

म्हणून स्किपने, म्हणजे कर्णधाराने, नेम दाखवायला ब्रूम (झाडू) धरण्याआधी एक वाक्य मोठ्याने म्हणायचं: "कमी चालेल, जास्त नको." किंवा टेकआउटला: "जाड चालेल, पातळ नको." हिट अँड रोलमध्ये, म्हणजे समोरचा दगड उडवून आपला बाजूला सरकवताना, दगड थोडा जाड (मध्याजवळ) लागला तर रोल होत नाही, पण समोरचा दगड तरी बाहेर जातो आणि आपला जागेवर राहतो. अति पातळ (अगदी कडेला) लागला तर काहीच साधत नाही, कधी कधी तर स्पर्शसुद्धा होत नाही. हे वाक्य ऐकलं की स्वीपर्सनाही, म्हणजे दगडापुढचा बर्फ झाडून त्याला लांब नेणाऱ्यांनाही, कळतं, शंका आली तर झाडायचं की थांबायचं. ज्युनिअर संघांत हे वाक्य हमखास गाळलं जातं. चौघेही मनात एकच परिपूर्ण फटका बघत असतात, मग दगड अर्ध्यावर आला की दोन स्वीपर दोन दिशांनी ओरडतात.

सरावातही हीच नोंद ठेवा. फटका जमला की हुकला एवढंच लिहून भागत नाही. हुकलेल्यांपैकी किती 'बऱ्या बाजूला' हुकले ते लिहा. दहा हुकलेल्यांत सात बऱ्या बाजूला पडू लागले की तुम्ही पुरुषांच्या खेळाला तयार होत आहात.

वेट: दशांश सेकंदाचा हिशेब

दगडाचा वेग, म्हणजे 'वेट', मोजायच्या दोन रीती. पहिली स्प्लिट: टाकण्याच्या बाजूला बॅक लाइनपासून (लक्ष्याच्या मागची रेषा) जवळच्या हॉग लाइनपर्यंतचा (जिच्याआधी हात सुटायला हवा ती रेषा) वेळ. दुसरी हॉग ते हॉग, म्हणजे या हॉग लाइनपासून पलीकडच्या हॉग लाइनपर्यंतचा वेळ. रिंगणातल्या चांगल्या बर्फावर ड्रॉ हॉग ते हॉग साधारण १४ ते १५ सेकंद घेतो, नेहमीचा टेकआउट १० च्या आसपास, पील (गार्ड उडवून लावणारा जोरदार फटका) ९ किंवा त्याहून कमी. बर्फ जितका वेगवान तितका ड्रॉचा वेळ जास्त, कारण दगड हळू सोडूनही पोहोचतो. नवीन पालकांचा इथे हमखास गोंधळ होतो.

स्प्लिट साधारण ३.८ सेकंदांचा धरा. त्यात ०.१ सेकंदाचा फरक पडला की दगड अंदाजे दीड मीटर पुढे-मागे थांबतो. हाउसची, म्हणजे गोल लक्ष्याची, त्रिज्या १.८३ मीटर. म्हणजे दशांश सेकंदाच्या चुकीत जवळजवळ अर्धं हाउस ओलांडलं जातं. ज्युनिअरमध्ये ही चूक चांगले स्वीपर सांभाळून घेतात. पुरुषांच्या पातळीवर ड्रॉ टाकताना स्प्लिट अर्ध्या दशांशाच्या, म्हणजे ०.०५ सेकंदाच्या आत राहायला हवा.

यासाठी शिडीचा सराव करा. आठ दगड घ्या. पहिला पलीकडच्या हॉग लाइनच्या जरासा पुढे थांबवा. पुढचा प्रत्येक दगड आधीच्याच्या पुढे, पण दगडाच्या एका रुंदीपेक्षा जास्त अंतर नको. स्वीपिंग नाही. एखादा मागे राहिला किंवा फार पुढे गेला की पुन्हा पहिल्यापासून. जोडीदाराने घड्याळ धरावं, पण आकडा लगेच सांगू नये. दगड सोडल्याक्षणी तुम्ही तुमचा अंदाज म्हणायचा, मग त्याने खरा आकडा वाचायचा. दोन्हींत ०.०५ पेक्षा जास्त फरक येत असेल तर पायाची ढकल शरीराला अजून कळलेली नाही. आठवड्यातून चार वेळा, दर वेळी ६० ते ८० दगड. त्याहून जास्त टाकले की मांड्या थकतात आणि थकलेली ढकल अंगवळणी पडते.

हात सुटण्याचा क्षण

हॅकमधून (पाय रोवून ढकल घ्यायच्या आधारातून) निघताना दगडाचं हँडल दहाच्या किंवा दोनच्या काट्यावर असतं. सुटण्याच्या आधीच्या शेवटच्या मीटर-सव्वा मीटरमध्ये ते सावकाश बाराकडे यायला हवं, आणि हात पुढे हस्तांदोलनाला केल्यासारखा उघडा राहायला हवा. हॉग ते हॉग अडीच ते चार फेऱ्या. ज्युनिअर खेळाडूंचे दोन दोष वारंवार दिसतात. काही जण हँडल झटक्यात फिरवतात, दगड पाच-सहा फेऱ्या घेतो आणि जवळजवळ सरळ जातो. काहींचं मनगट आधीच सैल पडतं, दगड फेरी न घेता निघतो आणि मध्येच कुठल्याही बाजूला पळतो. चौघांच्या फेऱ्या वेगवेगळ्या असतील तर स्किपला ब्रूम कुठे धरावा हेच कळत नाही. मोबाइल हॉग लाइनपाशी जमिनीलगत ठेवून चित्रण करा आणि फेऱ्या मोजा. चौघांमध्ये अर्ध्या फेरीहून जास्त फरक नको.

हात हॉग लाइनच्या आधी सुटायलाच हवा, नाहीतर दगड काढून टाकला जातो. घसरण लांबवून वेट दुरुस्त करायची सवय ज्युनिअर वयात लागते. ती आता सोडाच.

बर्फ वाचणं

कॅरम खेळणाऱ्याला पावडर कमी-जास्त झालेला बोर्ड पहिल्या स्ट्राइकला कळतो. कर्लिंगचा बर्फही तसाच, फक्त तो सामना चालू असताना बदलत राहतो. बर्फावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुटकुळ्या केलेल्या असतात, त्याला पेबल म्हणतात. १७ ते २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड तळाच्या अरुंद कड्यावर, या पेबलवरून धावतो. जिथून दगड सतत जातात तिथला पेबल घासतो आणि वाट वेगवान होते. कडेला, जिथून कोणी खेळलेलं नाही, तिथे दव साचून बर्फ जड राहतो. शेवटच्या एंडना पेबल सपाट झाला की वळण कमी होतं. तिसऱ्या एंडचा ब्रूम नवव्या एंडला धरला की दगड गार्डमागे वळतच नाही.

क्लबमधल्या बर्फावर वळण मीटरभर असेल तर मोठ्या रिंगणात ते सव्वा ते दीड मीटरपर्यंत जाऊ शकतं. प्रेक्षकांची ऊब आणि दिव्यांचा ताप यांनीही वेग बदलतो. म्हणून वर्षातून निदान तीन-चार स्पर्धा रिंगणातल्या बर्फावर खेळा, हरायची तयारी ठेवून.

दगडांची वही ठेवा. आठही दगडांवर आकडे असतात. सरावात प्रत्येक दगड एकाच ओळीत, एकाच स्प्लिटने टाकून कोणता जास्त धावतो, कोणता जास्त वळतो ते लिहा आणि सारख्या वागणाऱ्या दगडांची जोडी एकाच खेळाडूला द्या. वेगळा वागणारा दगड लीडकडे (संघातले पहिले दोन दगड टाकणाऱ्याकडे) द्यायचा प्रघात आहे. मात्र आजच्या नियमांत लीडचे दोन दगड इतके मोलाचे आहेत की यावर दोनदा विचार करा.

नियमांनी बदललेली मांडणी

पाच दगडांचा नियम लागू असल्यामुळे एंडचे पहिले पाच दगड पडेपर्यंत समोरच्याचा फ्री गार्ड झोनमधला (हॉग लाइन आणि टी लाइनमधल्या, हाउसबाहेरच्या पट्ट्यातला) दगड खेळाबाहेर काढता येत नाही. त्यात आता मध्यरेषेला टेकलेला गार्ड बाजूला सरकवायलाही बंदी आली आहे. त्यामुळे दोन-तीन गुणांची आघाडी सुरक्षित राहत नाही. हॅमर असेल तर दोन गुणांसाठी खेळा, एकच मिळत असेल तर हाउस रिकामं ठेवून हॅमर राखण्याचा विचार करा. हॅमर नसेल तर समोरच्याला एकावर रोखा. ज्युनिअर स्किप पिछाडीवर पडले की पहिल्याच संधीला चार गुण मागतात आणि हॅमर असूनही समोरच्याला तीन गुण चोरू देतात.

घड्याळाचंही भान हवं. १० एंडच्या सामन्यात संघाला विचार करायला ३८ मिनिटं मिळत असतील तर ८० दगडांना वाटून दगडामागे जेमतेम साडेअठ्ठावीस सेकंद येतात. पहिल्या चार दगडांना दहा-दहा सेकंदांत उरका, वाचलेला वेळ शेवटच्या दोन एंडसाठी लागतो.

हॅमर कोणाचा हे ठरवणारा लास्ट स्टोन ड्रॉसुद्धा रोज सरावात घ्या: एक दगड घड्याळाच्या दिशेने, एक उलट, दोन वेगळ्या खेळाडूंनी. बटणापासूनच्या अंतरांची बेरीज लिहून ठेवा.

स्वीपिंग आणि शरीर

२०१७ च्या ब्रायर अंतिम सामन्यात गुशूचा शेवटचा ड्रॉ हलका सुटला होता. ब्रेट गॅलंट आणि जेफ वॉकर यांनी तो पूर्ण पल्ला झाडत आत आणला आणि विजेतेपद तिथेच ठरलं. चांगली जोडी दगड दहा फुटांपर्यंत लांबवू शकते. ताकद दोन गोष्टींतून येते: ब्रूमवर टाकलेला देहभार आणि हातांचा वेग. ज्युनिअर मुलं वेग देतात, भार देत नाहीत. डोकं ब्रूमच्या वर आणि टाचा उचललेल्या असल्या की भार आपोआप पडतो.

एका ड्रॉला वीस-पंचवीस सेकंद झाडावं लागतं. म्हणून व्यायामही तसाच: २५ सेकंद पूर्ण जोर, मग दीड मिनिट विश्रांती, असे दहा-बारा फेरे, आठवड्यातून दोनदा. त्याला स्क्वॉट, प्लँक आणि नितंबांच्या सांध्यांचे ताण जोडा. जागतिक पुरुष स्पर्धेत १३ संघ आणि साखळीतच १२ सामने असतात. सहाव्या दिवशी हात चालतात, भार मात्र पडत नाही.

संघ कसा बांधायचा

ज्युनिअर संघ शाळासोबत्यांचे असतात आणि त्यांत बहुधा दोन-तीन जणांना स्किप व्हायचं असतं. नव्या संघात आधी लीड आणि सेकंड (लीडनंतरचे दोन दगड टाकणारा) शोधा, स्किप सापडतोच. गुशूने तुरिनला सेकंडचे दगड टाकणाऱ्या अनुभवी रस हॉवर्डला हाउसमध्ये उभं राहून खेळ सांगायला दिलं होतं. हॉवर्ड तेव्हा पन्नाशीत होता. तुमच्याही संघात एक वयाने मोठा खेळाडू घ्या, निदान पहिल्या दोन हंगामांसाठी.

एप्रिलमध्ये, नवा संघ जाहीर करण्याआधी, चार गोष्टी कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या: कोणत्या स्पर्धा खेळायच्या, प्रवासाचा खर्च कसा वाटायचा, नोकरी किंवा विद्यापीठाच्या परीक्षा आड आल्या तर बदली कोण, आणि बक्षिसाची रक्कम कोणत्या प्रमाणात वाटायची. पैशांचं हे बोलणं नोव्हेंबरमध्ये हॉटेलच्या खोलीत निघालं तर संघ जानेवारीतल्या प्रांतिक स्पर्धेपर्यंत टिकत नाही.