शोभेची तुती: कलम कधी, काडी कधी

रोपवाटिकेच्या कामात नवीन आलेली मुलं शोभेच्या तुतीपाशी पोचली की आधी विचारतात, "आयबीए किती घ्यायचं?" आयबीए म्हणजे काडीला मुळं फुटायला मदत करणारं संजीवक. त्याची मात्रा सांगतोच, पण त्याआधी एक ठरवा: या झाडाला उंच खोड हवंय का?

लोंबत्या फांद्यांची तुती घ्या. हा पांढऱ्या तुतीचाच प्रकार. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या कार्थेज गावी, जॉन टीस यांच्या रोपवाटिकेतून १८८३च्या सुमारास तो पुढे आला. याची काडी लावली तर मुळं धरते, त्यात अडचण नाही. पण फांदी वर जातच नाही, झाड जमिनीलगत पसरतं. गिऱ्हाइकाला हवी असते डोक्याच्या उंचीवरून खाली येणारी छत्री. ती उंची सरळ वाढणाऱ्या दुसऱ्या तुतीकडून घ्यावी लागते, म्हणून कलम. उलट नागमोडी फांद्यांची 'उनर्यू' आपली आपण उभी वाढते. तिच्यासाठी कलमाचा खटाटोप करू नका, काडीच लावा.

खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं त्या खालच्या झाडाची, आपल्याकडे चांगली सोय आहे. रेशीम शेतकरी बाग छाटतात तेव्हा व्ही-१ जातीच्या काड्यांचे भारे निघतात. मैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेने १९९७ मध्ये दिलेली ही जात सरळ आणि जोमाने वाढते, संजीवक न लावताही मुळं धरते. खुंटाचा एकच शेंडा ठेवा, बाजूचे फुटवे खुडत राहा, काठीचा आधार द्या. चार-पाच फुटांवर अंगठ्याएवढी जाडी आली की खुंट तयार.

कलम थंडीच्या अखेरीला, डोळे फुगायच्या आत बांधावं. मी पाचर कलमच पसंत करतो. काडी लोंबत्या तुतीची, गेल्या हंगामाची, पक्व, दोन-तीन डोळ्यांची. खुंट आडवा कापून मधोमध चीर द्यायची आणि काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तासून बसवायचं. आता खरी गोम चिकात आहे. तुती कापली की पांढरा चीक येतो. तो कापावर वाळला तर सांधा नीट बसत नाही. खुंट कापल्यावर थोडं थांबा, स्वच्छ ओल्या फडक्याने चीक टिपा, चाकू स्पिरिटने पुसा आणि काडी मात्र बसवायच्या अगदी आधी तासा. काडी खुंटापेक्षा बारीक असेल तर चिरेच्या मधोमध ठेवू नका. सालीखालचा हिरवट, ओलसर थर दोघांचा एका कडेला तरी जुळायलाच हवा, कारण सांधा तिथूनच भरतो. जाड खुंटावर चिरेच्या दोन्ही कडांना एकेक काडी बसवली तर छत्री एकांगी होत नाही. मग कलमपट्टी घट्ट आवळायची आणि वरून प्लास्टिकची पिशवी चढवून झाड सावलीत ठेवायचं. मुळं फुटवायची पावडर सांध्याला लावू नये, तिचं तिथे काही काम नाही.

आता आयबीए, म्हणजे इंडोल ब्युटिरिक आम्ल. मुळं फुटायला त्याची मदत होते हे १९३५ मध्ये झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी दाखवलं. ते पाण्यात सहज विरघळत नाही. १०० मिलिग्रॅम आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घालून १०० मिलिलिटर करा. हे झालं १००० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत हजार भाग. पक्व काडीला १००० ते २००० पीपीएममध्ये बुडखा पाच-दहा सेकंद बुडवणं पुरतं. मात्रा वाढवली की मुळं वाढतात असं मुळीच नाही, बुडखा काळा पडतो आणि डोळे अडून बसतात. उरलेलं द्रावण गडद बाटलीत, फ्रिजमध्ये ठेवा.

पण माझा अनुभव असा, की काडी कोवळी असेल तर कितीही महाग संजीवक तिला वाचवत नाही. सहा-आठ महिन्यांची, पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी निवडा. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली घ्या. वाळू-कोकोपीटच्या मिश्रणात दोन डोळे आत जाऊ द्या. पंधरवड्यात पानं दिसली म्हणून काडी उपटून पाहू नका. ती पानं काडीतल्या साठ्यावर फुटलेली असतात, मुळं मागाहून येतात. याच टप्प्यावर ऊन लागलं किंवा पाणी साचलं तर हिरवीगार काडीही मरते.

मातृवृक्ष निवडताना तो नर आहे की मादी हे पाहून घ्या. काडी किंवा कलम, दोन्हींत ते तसंच उतरतं. मादीची फळं फरशीवर डाग पाडतात, म्हणून गिऱ्हाईक बिनफळाची मागतं. पण नर झाडाचे पराग अ‍ॅलर्जीला कारण होतात. अमेरिकेत लास व्हेगास, एल पासोसारख्या शहरांनी अशा तुतीच्या लागवडीवर बंदी घातली. दम्याचं माणूस घरात असेल तर गिऱ्हाइकाला हे स्पष्ट सांगणं तुमचं काम आहे.

कलम धरल्यावरही खुंट स्वस्थ बसत नाही. सांध्याखाली उभे, जोमदार फुटवे येतात. ते कोवळे असतानाच बोटाने मोडा, नाहीतर दोन-तीन हंगामांत छत्री दबते आणि साधी तुती उरते. लोंबत्या फांद्या छाटताना फांदीच्या वरच्या बाजूच्या डोळ्यापुढे काप घ्या. नवा फुटवा आधी बाहेर जातो आणि मग खाली वळतो, त्यामुळे घेर रुंद होत जातो.