ड्रायव्हरमधली गळती बुजवणारा पॅच कसा तपासावा

लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) येणाऱ्या पॅचेसमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांमध्ये, एक जात फार साळसूद दिसते. दोन-तीन ओळींचा बदल, शीर्षकात ‘एरर पाथमधली गळती दुरुस्त’ अशा अर्थाचं काहीतरी, आणि आत घेतलेली वस्तू परत करणारं एखादं ऑफ_नोड_पुट() किंवा क्लॉक बंद करणारी एक ओळ वाढवलेली. एरर पाथ म्हणजे काही फसल्यावर कोड ज्या वाटेने बाहेर पडतो ती; गळती म्हणजे घेतलेली वस्तू परत न करणं. यात काय बघायचं, द्या होकार, असं वाटतं. पण जपून बघायचा तो असाच पॅच. गळती तशीच राहिली तर थोडी मेमरी वाया जाते, किंवा एखादं क्लॉक उगाच चालू राहून बॅटरी खातं. बुजवताना चुकलं तर वापरात असलेलीच मेमरी मोकळी होते. मग मशीन कोसळतं किंवा घुसखोराला वाट मिळते. रोगापेक्षा इलाज भयंकर.

मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी किरकोळ दुरुस्तीच्या नावाखाली मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले होते. त्या पार्श्वभूमीवर एप्रिल २०२१ मध्ये कर्नलच्या प्रमुख देखभालकर्त्यांपैकी एक असलेल्या ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे बदल घेणंच थांबवलं. अर्थात असे पॅच बहुतेक वेळा प्रामाणिक माणसंच पाठवतात. कोडमधल्या चुका आपोआप शोधणारं स्मॅच किंवा कॉक्सिनेलसारखं साधन एखाद्या ओळीकडे बोट दाखवतं आणि माणूस तिथे एक ‘पुट’ टाकून मोकळा होतो. ते ‘पुट’ खरंच तिथे हवं होतं का, हे बघणं रिव्ह्यू करणाऱ्याचं काम.

पायरी १: डिफ बाजूला ठेवा, पूर्ण फंक्शन उघडा

डिफमध्ये (काय बदललं तेवढंच दाखवणाऱ्या मजकुरात) बदलाच्या वर-खाली तीन-तीन ओळीच दिसतात. तेवढ्यावर मत देऊ नका. ड्रायव्हरचं प्रोब (उपकरणाला जोडताना चालणारं) आणि रिमूव्ह (सुटताना चालणारं), दोन्ही फंक्शन्स पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचा आणि कागदावर यादी करा: काय काय घेतलं, कोणत्या क्रमाने, आणि परत कोण करतं.

समजा प्रोब आधी रेग्युलेटर (वीजपुरवठा) चालू करतं, मग क्लॉक, मग इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला द्यायची हाक) मागतं आणि शेवटी उपकरणाची नोंदणी करतं. नोंदणी फसली तर परतीचा क्रम बरोबर उलटा हवा: इंटरप्ट, क्लॉक, रेग्युलेटर. कर्नलमध्ये हे गोटू (थेट उडी मारणारी आज्ञा) आणि फंक्शनच्या तळाशी एकाखाली एक रचलेल्या लेबलांनी करतात. आता पहिली वस्तू घेतल्यानंतरच्या प्रत्येक ‘रिटर्न’वर बोट ठेवून विचारा, इथून बाहेर पडताना हातात काय उरलं? हल्ली ‘रिटर्न डेव्ह_एरर_प्रोब(...)’ ही ओळ खूप दिसते. एका ओळीत संदेशही छापला जातो आणि एररही परत जाते. सोयीची आहे, म्हणूनच घातक: लेबलांना वळसा घालून ती थेट बाहेर पडते. आणि यशाच्या वाटेवर पहिल्या लेबलाच्या आधी ‘रिटर्न ०’ शाबूत आहे ना, तेही बघा.

‘एरर पाथ चालतोच किती वेळा?’ असा युक्तिवाद कोणी केला तर ऐकू नका. ज्या रेग्युलेटरवर आपण अवलंबून आहोत त्याचा ड्रायव्हर अजून उठलेला नसेल तर प्रोब ‘नंतर बोलवा’ अशा अर्थाचा ईप्रोब_डिफर हा कोड परत करतं आणि कर्नल त्याला पुन्हा बोलावतो. बूट होताना हे अनेकदा घडू शकतं, आणि दरवेळी गळतं.

पायरी २: मालक कोण, ते ठरवा

खरी मेहनत इथे आहे. प्रत्येक फंक्शनचा आपला करार असतो आणि नावावरून तो कळतोच असं नाही. सोर्समध्ये फंक्शनच्या डोक्यावरची टिप्पणी वाचण्याला पर्याय नाही.

ऑफ_पार्स_फँडल() जो नोड (हार्डवेअरच्या वर्णनातली एक नोंद) देतं त्याचा रेफरन्स काउंट, म्हणजे तो किती जण वापरतायत हा आकडा, वाढवून देतं. तो सोडणं तुमच्याकडे. याउलट ऑफ_फाइंड_कम्पॅटिबल_नोड()ला शोध जिथून सुरू करायचा तो नोड दिला, की ते त्या नोडचा रेफरन्स स्वतःच सोडून टाकतं. पॅचने त्यावर आणखी एक ‘पुट’ घातलं असेल तर तो पॅच गळती बुजवत नाही, काउंट एकाने जास्त खाली आणतो. चाइल्ड नोड्सवरून फिरणारं लूप तर दोन्ही बाजूंनी फसवतं. पुढच्या नोडकडे जाताना मागचा नोड ते आपणहून सोडतं, पण मधेच ब्रेक किंवा रिटर्न केलं तर हातातला नोड तसाच राहतो. म्हणजे ‘पुट’ हवं ते त्या बाहेर पडण्याच्या वाटेवर. प्रत्येक फेरीच्या शेवटी नव्हे.

सर्वात जास्त वेळ द्यावा तो डिव्हाइस_रजिस्टर()ला. ते फसलं तरी आतला रेफरन्स तयार झालेला असतो, म्हणून मेमरी थेट मोकळी करणारं केफ्री() नाही, काउंट कमी करणारं पुट_डिव्हाइस() म्हणायचं. पॅचमध्ये नेमकं हेच केलेलं असतं आणि वरवर सगळं बरोबर दिसतं. पण पुट_डिव्हाइस()ने काउंट शून्यावर आला की त्या उपकरणाचं रिलीज कॉलबॅक चालतं, आणि ज्या स्ट्रक्चरमध्ये ते उपकरण बसलेलं असतं ती मेमरी बहुधा तेच मोकळी करतं. आता खाली लेबलात जुना केफ्री() तसाच राहिला असेल, तर तीच मेमरी दोनदा मोकळी झाली. म्हणून रिलीज कॉलबॅक उघडून बघितल्याशिवाय या पॅचला हो म्हणू नये.

उपकरण जागं करणारं पीएम_रनटाइम_गेट_सिंक() फसलं तरी वापराचा काउंट वाढवूनच ठेवतं. या सवयीने इतक्या ड्रायव्हरांना गंडवलं, की डिसेंबर २०२० मधल्या ५.१० आवृत्तीत पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट() आलं. फसलं तर ते काउंट स्वतः खाली आणतं. पॅच पहिल्याच्या जागी दुसरं घालत असेल तर एरर पाथमधलं जुनं ‘पुट’ निघालंय का, ते पाहा.

पायरी ३: डेव्हएम दिसलं की क्रम तपासा

२००७ मध्ये तेजुन हिओ यांच्या कामातून आलेली ही सोय: डेव्हएम_ने सुरू होणाऱ्या फंक्शनने घेतलेली वस्तू प्रोब फसल्यावर किंवा ड्रायव्हर सुटल्यावर कर्नल स्वतःच, उलट्या क्रमाने परत करतो. तिच्यावर पुन्हा हाताने मोकळं करणं ही ढोबळ चूक, लगेच सापडते. न दिसणारी चूक क्रमाची असते. रिमूव्ह आधी चालतं, डेव्हएमची आवराआवर त्यानंतर. इंटरप्ट डेव्हएमने घेतला असेल आणि क्लॉक रिमूव्हमध्ये हाताने बंद होत असेल, तर मधल्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर क्लॉक नसलेल्या हार्डवेअरचं रजिस्टर वाचायला जातो. काही चिपवर अख्खी सिस्टिम तिथेच गोठते. अशा वेळी क्लॉकही डेव्हएम_क्लॉक_गेट_एनेबल्ड() किंवा डेव्हएम_ॲड_ॲक्शन_ऑर_रीसेट()मधून त्याच साखळीत आणायला सांगा.

पायरी ४: चालवून बघा, किंवा कोणी चालवलं ते विचारा

केमेमलीक (मेमरीची गळती शोधणारं साधन) चालू केलेला कर्नल घ्या, ड्रायव्हर बाइंड-अनबाइंड करत, म्हणजे उपकरणाला जोडत-सोडत राहा, मग डीबगएफएसमधल्या (कर्नलची आतली माहिती दाखवणाऱ्या फाइलींमधल्या) केमेमलीक फाइलीत ‘स्कॅन’ लिहून ती वाचा. त्याला फक्त मेमरी दिसते. क्लॉकसाठी क्लॉक_समरी फाइलीतला एनेबल काउंट आधी आणि नंतर ताडून बघा. अनबाइंडनंतर तो मूळ आकड्यावर आलाच पाहिजे. दोनदा मोकळं होणं पकडायला केसॅन लावा. एरर पाथ मुद्दाम चालवायचा तर त्या जागी तात्पुरती एरर परत करणं हा सर्वात सोपा उपाय. हार्डवेअर हाताशी नसेल तर पाठवणाऱ्याला सरळ विचारा. नुसतं कंपाइल करून पाठवलं असेल तर तसं पॅचच्या वर्णनात लिहिलेलं बरं.

पायरी ५: उत्तर लिहा

‘फिक्सेस’ टॅग मूळ चूक कोणत्या कमिटने (नोंदवलेल्या बदलाने) आणली ते सांगतो. त्यातला कमिट, म्हणजे हॅशची पहिली १२ अक्षरं, कोणती ओळ कोणत्या बदलात आली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेमने पडताळा. कोड नुसता इकडून तिकडे हलवणाऱ्या कमिटवर पुष्कळदा खापर फुटलेलं असतं, आणि स्टेबल शाखांमध्ये (सांभाळल्या जाणाऱ्या जुन्या आवृत्त्यांमध्ये) दुरुस्ती कुठवर न्यायची हे ठरवताना तोच टॅग बघितला जातो.

उत्तरात ‘ठीक वाटतं’ लिहू नका. कोणती वाट तपासली ते लिहा. पॅचने एक रिटर्न दुरुस्त केला आणि तीच वस्तू आणखी दोन रिटर्नवर गळत असेल, तर तिन्ही एकाच पॅचमध्ये मागा. पण ‘आता आलाच आहात तर सगळा ड्रायव्हर डेव्हएमवर न्या’ असं सांगू नका. तो वेगळा पॅच, दुरुस्तीच्या नंतरचा. दुरुस्ती छोटीच राहिली तर जुन्या शाखांमध्ये विनासायास लागते.