ऑक्टोपॅडचा डेमो शूट करताय? या चुका टाळा

दोन वर्षांपूर्वी मी घरचा ऑक्टोपॅड (पॅडवर काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) विकायला काढला आणि त्याचा डेमो व्हिडिओ केला. नवा कॅमेरा नुकताच घेतला होता, चित्र अगदी स्वच्छ आलं. संध्याकाळी शहाद्याहून एका बँडवाल्याचा फोन आला : "भाऊ, पॅड सगळे चांगले दिसताहेत, पण किक कुठे गेला? मशीन आतून गेलंय का?"

किक म्हणजे बास ड्रमचा जाड ठोका. मशीन ठणठणीत होतं, चूक केबलची होती. हेडफोनच्या भोकातून निघालेली स्टिरिओ पिन मी इंटरफेसच्या (वाद्याचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणाऱ्या डबीच्या) एकाच बॅलन्स्ड इनपुटला लावली होती. असं इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा पुढे पाठवतं. किक, बेस असे मधोमध असलेले आवाज डाव्या-उजव्या दोन्ही तारांत सारखेच असतात, म्हणून ते एकमेकांना खाऊन टाकतात. मागे उरतो फक्त रिव्हर्बचा, म्हणजे घुमण्याचा, पातळ, पोकळ आवाज. तुमच्या डेमोत ढोलकीची थाप गायब आणि झांज मात्र खणखणीत, असं झालं तर आधी ही केबल तपासा. ऑक्टोपॅड किंवा कीबोर्डच्या मागे एल/मोनो आणि आर अशी दोन आउटपुट असतील, तर दोन मोनो केबल घेऊन इंटरफेसच्या दोन वेगळ्या इनपुटला लावा आणि एडिटिंगमध्ये एक पूर्ण डावीकडे, दुसरं पूर्ण उजवीकडे ठेवा. केबल एकच असेल तर ती एल/मोनोलाच लावा.

आधी कॅमेरा, मग उरलेल्या पैशात आवाज

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नंदुरबार, अमळनेर, चाळीसगावकडचा वादक तुमचा व्हिडिओ उघडतो तो एकाच प्रश्नासाठी : आवाज कसा शे भाऊ? लग्नसराईच्या कमाईतून तो हे वाद्य घेणार असतो. त्याला फोर-के नको असतं, खरा आवाज हवा असतो. म्हणून दोन इनपुटचा साधा यूएसबी इंटरफेस, दोन चांगल्या केबल आणि कान पूर्ण झाकणारे (क्लोज्ड-बॅक) हेडफोन आधी घ्या. चित्रासाठी हातातला मोबाइल १०८० पिक्सेलवर भरपूर झाला.

मोबाइलच्या माइकवर मात्र डेमो करू नका. त्यात ऑटो लेव्हल असते. हळू मारलं की ती आवाज वर ओढते, जोरात मारलं की खाली दाबते. पॅड हलक्या हाताला आणि जोराच्या काठीला वेगळं उत्तर देतो की नाही, हेच तर घेणाऱ्याला ऐकायचं असतं आणि ऑटो लेव्हल नेमका तोच फरक पुसून टाकते. कॅमेऱ्यातही हा पर्याय बंद करून लेव्हल हाताने लावा. सगळ्यात जोराचा फटका मारून बघा, मीटर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहिला पाहिजे. शून्याला टेकून आवाज फाटला की तो नंतर कशानेच दुरुस्त होत नाही.

कीबोर्डचं लाइन आउट थेट कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला लावलं तरी आवाज फाटतो, कारण लाइनचा सिग्नल माइकपेक्षा कितीतरी तगडा असतो. तिथे अॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा भाग) असलेली केबलच लागते.

सतत घूं असा आवाज येतोय? लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. घूं थांबली तर तो ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या करंटचा आवाज. सगळी उपकरणं एकाच बोर्डवर घ्या, तरी राहिलीच तर ग्राउंड लिफ्ट (केबलमधला ग्राउंडचा जोड तोडणारा खटका) असलेला डीआय बॉक्स वाद्य आणि इंटरफेसच्या मध्ये टाका. अर्थिंगची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्यात जीव जाऊ शकतो.

दोन मशीनची तुलना करताना दोघांचा आवाज कानाला सारखा करून घ्या. थोडं मोठं वाजणारं मशीन नेहमीच जास्त चांगलं वाटतं आणि पैसे घालणारा माणूस त्यात फसतो.

चित्रातल्या चुका

ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली पट्टे धावत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा आणि व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमवर घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, नाहीतर काठी मध्ये आली की फोकस तिच्या मागे पळतो. ट्रायपॉड ऑक्टोपॅडच्या टेबलावर ठेवू नका, प्रत्येक फटक्याला चित्र हलतं.

आवाज वेगळा रेकॉर्ड करत असाल तर सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर एक फटका मारा आणि त्यावर दोन्ही जुळवा. सुरुवातीला जुळतं आणि दहा मिनिटांनी काठी आधी, आवाज नंतर असं होत असेल, तर बहुतेक वेळा कारण मोबाइलचा बदलता फ्रेम रेट असतो. एडिटिंगच्या आधी फाइल स्थिर फ्रेम रेटमध्ये बदलून घ्या.

आपल्याकडचं ऊन आणि खोली

भुसावळला मालगाडीचा हॉर्न, एप्रिल-मेमध्ये घरोघर कूलर. वाद्याचा आवाज केबलमधून येतो, त्याला यातलं काही लागत नाही. बोलणं मात्र बिघडतं. बोलायला कॉलर माइक घ्या, पंखा-कूलर बंद करा आणि स्लॅबच्या मोकळ्या खोलीत आवाज घुमत असेल तर समोरच्या भिंतीवर दोन जाड गोधड्या टांगा. स्पीकरचा डेमो असेल तर गोधड्या लागतातच, कारण तिथे केबल चालत नाही, स्पीकरसमोर माइकच ठेवावा लागतो.

पारा ४४-४५ वर गेला की मोबाइल फोर-केवर तापून मध्येच बंद पडतो. मी आता अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) दिवसांत सकाळी साडेसहालाच शूटिंग उरकतो, १०८० वर आणि पाच-पाच मिनिटांचे तुकडे करून. प्रत्येक तुकड्यानंतर हेडफोन लावून ऐकतो, मग तोच मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतो. किक दोन्हीकडे ऐकू आला तरच पुढचा पॅड घेतो.