कायद्याच्या बातमीवर वाद घालण्यापूर्वी
तंत्रज्ञानविषयक कायद्याच्या बातमीवर मत मांडण्याआधी तो कायदा अजून मसुदाच आहे, संमत झाला आहे की प्रत्यक्ष लागू झाला आहे, हे मूळ दस्तऐवजात पाहून घ्यावे. दोन्ही बाजू वेगवेगळ्या टप्प्यांबद्दल बोलत असल्यामुळेच कित्येक वाद चिघळतात. युरोपीय संघाचा जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा नियम २०१६ मध्ये संमत झाला, पण लागू झाला तो २५ मे २०१८ रोजी. दंडाचा आकडा वाचताना ‘पर्यंत’ हा शब्द नजरेतून सुटू देऊ नये. याच नियमातील कलम ८३ गंभीर उल्लंघनासाठी कंपनीला २ कोटी युरो किंवा जागतिक वार्षिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल तिथपर्यंत दंड करण्याची मुभा देते. मथळ्यात मात्र ही कमाल मर्यादाच ठरलेला दंड म्हणून येऊ शकते. स्वतःबद्दलची माहिती पुसून घेण्याच्या कलम १७ मधील हक्कालाही अभिव्यक्तिस्वातंत्र्यासारखे अपवाद आहेत, आणि माझ्या मते खरी चर्चा तिथेच सुरू होते. प्रतिवाद करताना कलमाचा क्रमांक देऊन त्यातील वाक्य जसेच्या तसे उद्धृत करावे, म्हणजे समोरच्याला तुमच्या हेतूवर नव्हे, तर त्या वाक्याच्या अर्थावर बोलावे लागते.